तुम्ही विचारलंत म्हणून: दर गुरुवारी मी त्या मुलांकडे का जाते

गणपतीत, हळदीकुंकवाला, कोणाकडे जेवायला गेलं तरी एक प्रश्न ठरलेला. "तू त्या ब्लॅक मुलांच्या प्रोग्रॅमला जातेस ना, मग आपल्या मुलांसाठी का नाही काही करत?" दर वेळी घाईत दोन वाक्यं बोलते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज लिहितेय.

मी टोरंटोच्या पूर्वेला, स्कारबरोत राहते. कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत आमची 13 ते 18 वयाची पंचवीसेक मुलं जमतात. बरीचशी ब्लॅक, कोणाचे आजीआजोबा जमैका-त्रिनिदादहून आलेले, कोणी स्वतःच गेल्या वर्षी नायजेरियातून नाहीतर इथिओपियातून आलंय, आणि त्यांच्यासोबत अफगाण, तमिळ, गुजराती पोरंही असतात, दोन मराठी मुलंही वर्षभर येत होती. म्हणजे आपली मुलं तिथेच आहेत हो.

पण ब्लॅक मुलांसाठी वेगळं काही लागतं का, तर लागतं. 2017 मध्ये यॉर्क युनिव्हर्सिटीच्या कार्ल जेम्स यांचा रिपोर्ट आला होता. टोरंटोच्या सरकारी शाळांत तेव्हा नववीपासूनच मुलं वेगवेगळ्या ट्रॅकवर जायची, त्यातला ॲकॅडेमिक म्हणजे युनिव्हर्सिटीकडे जाणारा. गोऱ्या मुलांपैकी 81 टक्के ॲकॅडेमिकला, आपल्यासारख्या इतर वर्णाच्या मुलांपैकी 80 टक्के, आणि ब्लॅक मुलांपैकी 53. ऐंशी आणि त्रेपन्न! शहर तेच, शाळा त्याच. आपल्या मुलाकडे बघून शिक्षकाला आपोआप वाटतं की हा गणितात चांगला असणार, आणि त्याच बाकावरच्या ब्लॅक मुलाला ते रोज सिद्ध करावं लागतं. ओंटारिओने, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे त्याने, 2021 मध्ये नववीच्या गणितातली ही विभागणी बंद केली, 2022 मध्ये बाकीच्या विषयांतली, चांगलंच झालं, पण समोरच्याच्या मनात जे बसलंय ते सरकारी पत्रकाने जात नाही.

आमच्याकडे नायजेरियातल्या लेगोसहून आलेली एक मुलगी होती. तिचं अख्खं शिक्षण इंग्रजीत झालेलं, आणि इथल्या शाळेने उच्चार ऐकून तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात बसवलं. पोरगी बोलायचीच बंद झाली. आमच्याकडे येऊन तीन महिने फक्त भात वाढायची आणि भांडी आवरायची, कोणी तिला खोदून विचारलं नाही. (आमच्याकडे आधी जेवण, मग बाकी सगळं. शाळेतून थेट आलेल्या भुकेल्या पोराला "तुला कसं वाटतंय" विचारण्यात अर्थ नाही.) मग हिशोबाची वही तिच्याकडे आली, कारण प्रत्येक टर्मला थोडे पैसे मुलांच्याच ताब्यात असतात, कशावर खर्च करायचे ते तीच ठरवतात. एके दिवशी आम्ही मोठ्यांनी न विचारता पिझ्झा मागवला तर ती उभी राहिली आणि म्हणाली, "आंटी, बजेट आमचं आहे, आधी विचारायला हवं होतं." बरोबरच होतं तिचं, मी सॉरी म्हटलं. पुढच्या महिन्यात तिने शाळेला स्वतः पत्र लिहिलं, आम्ही फक्त वाचून दिलं, आणि तिचा वर्ग बदलला.

ग्रँटच्या फॉर्मवर लीडरशिप आणि वेलबीइंग असे दोन वेगळे रकाने असतात. मला अजून कळलेलं नाही की त्या मुलीचं काय कुठल्या रकान्यात लिहायचं.

अजून एक सांगते. आपले लोक इथे आले ते बहुतेक 1967 च्या पॉइंट सिस्टिमनंतर, म्हणजे शिक्षण, काम वगैरेला गुण देऊन लोकांना देशात घ्यायला लागल्यावर, डिग्री दाखवून. त्याआधी 1955 पासून कॅरिबियन बायकांना घरकामाच्या स्कीमखाली आणलं जायचं, तरुण आणि अविवाहितच हव्यात अशी अट, त्यामुळे ज्यांना मुलं होती त्यांना ती आजीकडे ठेवून, कधी लपवून यावं लागलं. जीन ऑगस्टिन 1960 मध्ये ग्रेनाडाहून त्याच स्कीमने आल्या आणि 1993 मध्ये कॅनडाच्या पार्लमेंटमध्ये निवडून आलेल्या पहिल्या ब्लॅक महिला ठरल्या. मुलांना हे सांगितलं की त्यांच्यातलं कोणीतरी म्हणतं, माझी आजीपण तशीच आली होती. तेव्हा खोलीत जी शांतता होते ती मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही.

राग मला एकाच गोष्टीचा येतो. पैसे वर्षावर्षाच्या बोलीने मिळतात, 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि ज्या यूथ वर्करवर मुलांनी मोठ्या मुश्किलीने विश्वास टाकलेला असतो त्याचं कॉन्ट्रॅक्टही संपतं. एप्रिलमध्ये मुलं येतात आणि विचारतात तो कुठेय. नवीन देशात आलेल्या मुलाने आधीच किती माणसं मागे सोडलेली असतात, त्यात हे अजून एक. मला एखादा भारी वर्कशॉप नको, तोच माणूस तीन वर्षं टिकेल एवढे पैसे हवेत.

तोपर्यंत आम्ही व्हॉलंटियर तरी टिकतो. तुमच्यापैकी ज्यांनी "मी येऊ का" विचारलं त्यांच्यासाठी: आधी पोलीस चेक, म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा नाही ना याची पोलिसांकडून तपासणी, लागतो, त्याला वेळ लागतो, फॉर्म माझ्याकडे आहे. स्वयंपाक येत असेल तर उत्तम, गणित येत असेल तर त्याहून उत्तम. फक्त निदान एक वर्ष दर गुरुवारी जमणार असेल तरच हो म्हणा, चार वेळा येऊन बंद होणार असाल तर नका येऊ, मुलं मोजत असतात.