दाढ गेली, हप्ते राहिले

एका रुग्णाच्या फाइलवर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. 'खालची डावी पहिली दाढ काढली.' आणि खाली, 'याच दाढेचे सहा हप्ते बाकी.' दुसरी ओळ आमच्या फाइलमध्ये असायचं काही कारण नव्हतं. ते कर्ज आमचं नव्हतं, उपचारही आमचे नव्हते. पण ती लिहिल्याशिवाय त्या माणसाचं पुढचं काहीच ठरवता येणार नव्हतं, म्हणून लिहिली.

मी दातांच्या दवाखान्यात खर्च समजावून सांगायचं काम करते. डॉक्टर तपासतात, काय करायचं ते ठरवतात, मग रुग्ण माझ्या टेबलाशी येतो. लोकांना वाटतं इथे घासाघीस चालते. खरं काम वेगळंच असतं. समोरच्याने दुसरीकडून आणलेला आकडा आणि आमचा आकडा एकाच कामाचा आहे का, हे आधी शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा तो नसतो. रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातली नसेची नलिका साफ करून भरणं. पुढच्या दाताला साधारण एकच नलिका असते, दाढेला तीन किंवा चार. पहिल्यांदा केलेली रूट कॅनल आणि आधीची बिघडलेली उकरून पुन्हा केलेली रूट कॅनल, यांत वेळेचा मोठा फरक पडतो. दातावर टोपणासारखी बसणारी कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली की झिर्कोनिया या पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची, यावर ती बनवणाऱ्या लॅबचं बिल ठरतं, आणि माप देऊन रुग्ण परत आला नाही तरी ते बिल दवाखान्याला भरावंच लागतं. त्यामुळे 'रूट कॅनलचे किती?' या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका आकड्यात देता येत नाही. जो एका दमात देतो, त्याने काय धरलंय आणि काय सोडलंय, हे विचारलंच पाहिजे.

हे गृहस्थ पन्नाशीचे, पाळीत काम करणारे. जेवताना दाढेतून कट्‌कन आवाज आला आणि चावणं अशक्य झालं. आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं तेव्हा हिरडीत एकाच जागी तपासणीची बारीक सळई खोल उतरत होती, बाकी सगळीकडे ठीक. एक्स-रेत मुळाच्या कडेने काळी सावली. चीर मुळापर्यंत गेली होती. अशी दाढ वाचत नाही. त्याच दिवशी काढली.

वाईट याचं वाटलं की रूट कॅनल उत्तम झाली होती. नलिका टोकापर्यंत नीट भरलेल्या, कुठे पोकळी नाही. मॅडम स्वतः म्हणाल्या, 'हात चांगला आहे करणाऱ्याचा.' त्या दाढेवर कॅप मात्र नव्हती. वर्षभर ती नुसत्या फिलिंगवर चावत होती.

तोंडात कापूस धरूनच त्यांनी घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. आधीच्या दवाखान्याचं अंदाजपत्रक. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढांची रूट कॅनल, सफाई, दात पांढरे करणं, सगळं मिळून एक पॅकेज, एक बेरीज, आणि ती बेरीज बिनव्याजी हप्त्यांत फोडलेली. अगदी तळाला 'पुढील उपचार : कॅप' अशी एक ओळ होती. तिच्यापुढे रक्कम नाही, दाताचा क्रमांक नाही, कधीपर्यंत हेही नाही. दात पांढरे करण्यापुढे मात्र रक्कम होती.

त्या कागदाकडे बघून मला राग आला, तो अजून उतरलेला नाही. आधी दुखणं आणि संसर्ग थांबवायचा, मग दात टिकवायचा, दिसण्याचं त्यानंतर, हा क्रम या पेशात सगळ्यांना पाठ असतो. त्यांच्या कर्जातला दात पांढरे करण्याचा हिस्सा काढून कॅपकडे वळवला असता, तर निदान एका दाढेवर कॅप बसली असती.

'ताई, दाढच राहिली नाही तर हप्ता कशाचा?' त्यांनी विचारलं. मी समजावलं ते असं. हप्त्यांवर उपचार म्हणजे दवाखान्याने दिलेली उधारी नव्हे. कर्ज देणारी कंपनी आपला वाटा कापून घेऊन उरलेली रक्कम दवाखान्याला सुरुवातीलाच देते. त्यापुढे तुमचा व्यवहार फक्त त्या कंपनीशी. उपचार पूर्ण झाले की नाहीत, दात तोंडात आहे की नाही, हे ती बघत नाही, आणि हप्ता चुकला तर दंड आणि पत दोन्ही तुमच्या माथी. बिनव्याजी म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क असतं, आणि रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट अशा वेळी बहुधा मिळत नाही. हप्त्यांच्या मी विरोधात नाही. एकरकमी पैसे कुणाकडे असतात? पण कर्जाच्या रकमेत कॅप धरली आहे का, आणि उपचार अर्ध्यावर थांबले तर न झालेल्या कामाचे पैसे परत कसे मिळतील, हे दोन प्रश्न सहीच्या आधी विचारायचे असतात. कर्जाचा फॉर्म भरून घेणारी मंडळी ते आपणहून सांगत नाहीत. मी बघितलेली तरी नाहीत.

मग विम्याचं निघालं. पॉलिसी होती, पण दातांचं फक्त अपघात झाला तर. चावताना मोडलेला दात अशा अनेक पॉलिसी अपघातात धरतच नाहीत. 'पोट दुखलं तर विमा आणि दाढ दुखली तर नाही, हा कुठला न्याय?' हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि तो रास्त आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा दातांचे उपचार आणि कवळ्याही मोफत होत्या. पण मागणी एवढी उसळली की १९५१ मध्ये कवळीवर शुल्क लागलं, आणि ती सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी त्या निषेधार्थ मंत्रिपद सोडलं. दात बाकीच्या शरीरापासून वेगळे काढण्याची खोड अशी जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांना. तरीही बहुतेकांच्या वाट्याला स्वतःचा खिसाच येतो.

'कॅप बसवा असं सांगितलं नव्हतं का कुणी?' मी विचारलं. सांगितलं होतं. खुर्चीवर, जबडा बधिर असताना, काम संपल्यावर. 'नंतर कॅप करून घ्या.' त्यांना वाटलं दिसण्यासाठी असेल, आणि मागची दाढ कोण बघतंय? पुढे टेबलाशी किमतीचं बोलणं झालं, तिथे कॅपचा विषयच निघाला नाही.

माझ्या मते सगळं इथे फसलं. उपचाराचं कारण एका खोलीत सांगितलं जातं आणि किंमत दुसऱ्या खोलीत. डॉक्टरांना पैशाचं बोलायला संकोच वाटतो, म्हणून ते 'बाहेर विचारा' म्हणतात. बाहेरच्या माणसाला आकडे माहीत असतात, कारणं नसतात. कारणाशिवाय आलेली किंमत नेहमी महागच वाटते, आणि मग माणूस जे आज दुखत नाही ते पुढे ढकलतो. कॅपचं कारण तर दोन मिनिटांत सांगता येतं. कीड आणि रूट कॅनलसाठी पाडलेलं भोक मिळून दाढेचा वरचा भाग जातो, चारी बाजूंच्या भिंती छत काढलेल्या घरासारख्या सुट्या उभ्या राहतात, आणि प्रत्येक घास त्यांना बाहेर ढकलतो. कॅप त्या भिंतींना वरून धरून ठेवते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट दराने गेल्याचं दिसलं. आमच्याकडे मी हट्ट धरून एक पद्धत लावून घेतली आहे. रूट कॅनल सुरू करण्याआधीच कॅपसकट रक्कम लिहायची, दाताच्या क्रमांकासमोर, आणि तो कागद रुग्णाच्या हातात देताना डॉक्टरांनी तिथे हजर राहायचं. मॅडमना सुरुवातीला हे जाचक वाटलं. आता त्या स्वतःच पेन मागतात.

गृहस्थांना मोकळ्या जागेचं काय ते ठरवायचं होतं. आमच्याकडचे तरुण डॉक्टर लगेच इम्प्लांटवर, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावण्यावर आले. सल्ला चुकीचा नव्हता. शेजारच्या दातांवर टेकवलेला ब्रिज बसवायचा तर ते दोन चांगले दात घासावे लागतात, काढता-घालता येणारा दात स्वस्त पडतो पण अनेकांना रुचत नाही. शिवाय इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला काही महिने जातात, त्यामुळे पैसेही टप्प्याटप्प्याने भरता येतात. स्क्रूचे आत्ता, वरच्या जोडाचे आणि कॅपचे नंतर. हाड कमी असलं तर भरणीचा खर्च वेगळा, हेही आधीच विचारायचं.

पण मी आधीच्या दवाखान्याच्या कागदावरची दुसरी दाढ बघत होते. उजवी दाढ. तीच रूट कॅनल, तोच दवाखाना, तीही कॅपशिवाय, आणि अजून शाबूत. हातात असलेला पैसा गेलेल्या दाढेवर का घालायचा? मी मॅडमना बाहेर बोलावलं. त्यांनी उजवी बाजू पुन्हा तपासली, चीर नव्हती. मॅडमनीच गृहस्थांना सांगितलं, 'मोकळ्या जागेचा विचार नंतर करू, आधी ही वाचवू.' फार लांबवता येणार नाही, हेही सांगितलं, कारण शेजारचे दात कलतात आणि वरचा खाली सरकतो.

दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात हीच कॅप बरीच स्वस्त होईल, शिकाऊ असले तरी वर शिक्षकांची देखरेख असते, हेही मी सांगितलं. असं सांगितलेलं आमच्याकडे सगळ्यांना आवडत नाही. मी तरीही सांगते. त्यांनी हिशेब केला. तिथे फेऱ्या जास्त, आणि प्रत्येक फेरीला एका पाळीची मजुरी बुडणार. दातांच्या खर्चात हा आकडा कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो, पण कुठे जायचं हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. शेवटी आमच्याकडेच धातूची कॅप करायचं ठरलं. मापाच्या दिवशी लॅबपुरते पैसे, उरलेले कॅप बसल्यावर. कर्ज नाही.

उजवी कॅप बसली. डावीकडे जागा मोकळीच आहे, आणि जुना हप्ता दर महिन्याला कापला जातोय. त्यांचं काम आमच्यापुरतं पुढे सरकलं आहे, तरी माझ्या डोक्यातून तो कागद जात नाही. त्या दवाखान्यातही माझ्यासारखंच कुणीतरी टेबलामागे बसलेलं असणार. दात पांढरे करण्यापुढे रक्कम लिहून कॅपपुढची जागा कोरी सोडताना त्या माणसाला कॅप कशासाठी असते ते माहीत होतं का? माहीत नसेल तर ते शिकवणं डॉक्टरांचं काम होतं. माहीत असूनही कोरी सोडली असेल, तर मला त्या माणसाशी एकदा बोलायचं आहे.