गोडोच्या कोडची साफसफाई: पुसण्याआधी कोण हाक मारतंय ते बघा

गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनाच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) पहिल्यांदा हात घालणाऱ्याला साफसफाई हे सगळ्यात सोपं काम वाटतं. न वापरलेलं फंक्शन काढायचं, नको ते हेडर उडवायचं, वाकडं नाव सरळ करायचं. पण घोडं इथेच पेंड खातं. इंजिनाच्या सी-प्लस-प्लस कोडला जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेतून हाक मारली जाते, सी-शार्पमधून मारली जाते, जीडीएक्स्टेन्शन वापरून बाहेर कंपाइल झालेल्या लायब्ररीतून मारली जाते, आणि कोणाच्या तरी डिस्कवर कधीकाळी सेव्ह झालेल्या सीन फाइलमधूनही मारली जाते. यातलं काहीच कंपायलरला दिसत नाही. त्यामुळे बिल्ड हिरवं झालं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

समजा एका मेथडचं नाव शोधलं आणि तिच्या व्याख्येपलीकडे सी-प्लस-प्लसमध्ये कुठेही ती बोलावलेली दिसली नाही. मेथड मेलेली आहे असं ठरवण्याआधी त्याच फाइलमधलं ‘_बाइंड_मेथड्स’ वाचायचं. तिथे ‘क्लासडीबी’कडे, म्हणजे स्क्रिप्टला दिसणाऱ्या गोष्टींच्या नोंदवहीकडे, तिचं नाव अवतरणचिन्हांत, नुसता मजकूर म्हणून, नोंदवलेलं असतं. ‘अ‍ॅड_प्रॉपर्टी’मध्ये सेटर आणि गेटरची नावंही मजकूर म्हणूनच जातात. ‘कॉल_डिफर्ड’ला, म्हणजे मेथड थोडी उशिरा बोलावणाऱ्या फंक्शनला, दिलेलं नावही तसंच. ३.एक्स शाखेत तर सिग्नल (काही घडल्याची सूचना) जोडतानाही मेथडचं नाव मजकुरात द्यावं लागतं, ४.० मध्ये त्याची जागा ‘कॉलेबल_एमपी’ने घेतली, जिथे थेट मेथडचा पॉइंटर दिला जातो आणि नाव चुकलं तर कंपायलर अडवतो. म्हणून शोध घेताना कंस किंवा दोन कोलन जोडून शोधायचं नाही. नुसता अख्खा शब्द ‘गिट ग्रेप’ला द्यायचा, आणि तोही पूर्ण झाडावर: मॉड्यूल्स, प्लॅटफॉर्म, एडिटर, टेस्ट्स आणि ‘डॉक/क्लासेस’मधल्या, सार्वजनिक मेथडचं दस्तऐवजीकरण असलेल्या एक्सएमएल फाइल्ससुद्धा. एक्सएमएलमध्ये नाव सापडलं की विषय संपला. ती मेथड सार्वजनिक आहे आणि जगात तिचे वापरकर्ते आहेत असंच धरून चालायचं.

याच्या उलट, अंडरस्कोरने सुरू होणारी एखादी अंतर्गत मेथड केवळ ‘कॉल_डिफर्ड’पुरती बाइंड केलेली सापडते. ही खरी अडगळ. तिथे ‘कॉलेबल_एमपी’ वापरून त्याच्यावर ‘कॉल_डिफर्ड’ करायचं आणि मग बाइंडिंगची ओळ काढायची. नाव चुकण्याचा धोका कायमचा जातो आणि स्क्रिप्टला न दिसायला हवी ती मेथड दिसेनाशी होते. माझ्या मते नवख्याने सुरुवात करायला यापेक्षा चांगलं काम नाही: बदल छोटा, फायदा खरा, आणि चुकलं तर लगेच कळतं.

सार्वजनिक मेथडची सही (पॅरामीटर आणि परतीचा प्रकार) बदलायची असेल तर रस्ता लांबचा आहे. शेवटी एक ऐच्छिक पॅरामीटर वाढवला तर जीडीस्क्रिप्टला फरक पडत नाही. जीडीएक्स्टेन्शनला मात्र पडतो, कारण ते मेथड शोधताना नावाबरोबर सहीवरून काढलेला हॅश (ओळखीचा आकडा) देतं. पॅरामीटर वाढला की हॅश बदलतो आणि जुन्या लायब्ररीला मेथड सापडत नाही. म्हणून जुन्या सहीची एक मेथड ‘बाइंड_कंपॅटिबिलिटी_मेथड’ने वेगळी नोंदवायची. ती मूळ फाइलशेजारी ‘.कंपॅट.इंक’ फाइलमध्ये राहते आणि तिच्या नावात पुल रिक्वेस्टचा (बदल सामील करण्याच्या विनंतीचा) क्रमांक येतो. ए-स्टारच्या मार्ग शोधणाऱ्या मेथडला अर्धवट मार्ग चालेल का हे सांगणारा पॅरामीटर जोडला, तेव्हा जुनी सही ‘_बाइंड_कंपॅट_८८०४७’ अशा शेपटीने जपली गेली. क्रमांक बघितला की पुढच्या माणसाला कारण सापडतं. ही पद्धत मला फार आवडते. एवढ्यावर काम संपत नाही. ‘मिस्क/एक्स्टेन्शन_एपीआय_व्हॅलिडेशन’मध्ये हा बदल जाणूनबुजून केल्याची नोंद घालावी लागते, नाहीतर सीआय (आपोआप चालणाऱ्या तपासण्या) लाल होतं. आणि हा सगळा सांभाळून घेणारा कोड ‘डिसेबल_डेप्रिकेटेड’च्या अटीआड ठेवायचा, मग ‘डेप्रिकेटेड=नो’ देऊन एकदा बिल्ड करून बघायचं. जुना कोड नव्या कोडच्या वाटेत कुठे अडकला असेल तर तो तिथेच सापडतो.

सीन फाइलचं प्रकरण आणखी नाजूक. ‘.टीएससीएन’ ही साधी मजकूर फाइल आहे आणि तिच्यात प्रॉपर्टीचं नाव जसंच्या तसं लिहिलेलं असतं. प्रॉपर्टीचं नाव सुधारलं की जुनी सीन उघडताना ती किंमत गुपचूप गळते, नोड मूळ किमतीवर जातो. त्यासाठी क्लासच्या ‘_सेट’मध्ये जुनं नाव पकडून नव्या प्रॉपर्टीकडे वळवायचं. क्लासचंच नाव बदललं असेल तर ‘अ‍ॅड_कंपॅटिबिलिटी_क्लास’. एनमच्या (ठरावीक नावांच्या यादीच्या) किमती वर्णानुक्रमे लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळायचा. त्या फाइलमध्ये आकड्यांच्या रूपात साठतात. क्रम हलला की कुणाच्या तरी गेममधलं डावीकडे लावलेलं बटण मधोमध जाऊन बसतं, आणि एररही येत नाही.

आता एक लूप जवळून बघू. गोडोचा ‘व्हेक्टर’ (लांबी बदलू शकणारी यादी) कॉपी-ऑन-राइट आहे: दोन व्हेक्टर एकाच मेमरीकडे बोट दाखवतात आणि कुणी लिहायला गेलं तरच प्रत निघते. लूपमध्ये दर फेरीला ‘राइट[आय]’ लिहिलं की दर फेरीला ‘ही मेमरी आणखी कुणाकडे आहे का’ ही तपासणी होते. हजारो शिरोबिंदूंच्या मेशवर ते जाणवतं. सुधारणा अशी: लूपच्या आधी एकदाच ‘पीटीआरडब्ल्यू’ने पॉइंटर घ्यायचा आणि आत तोच वापरायचा. पण लूपच्या आत कुठेही ‘पुश_बॅक’ किंवा ‘रिसाइझ’ नाही याची खात्री आधी करायची, अगदी आतून बोलावलेल्या फंक्शनमध्येसुद्धा. मेमरी हलली की हातातला पॉइंटर जुन्या जागेकडे बघत राहतो आणि क्रॅश भलतीकडेच होतो. अशा बदलानंतर ‘यूज_असॅन=यस’ (मेमरीच्या चुका पकडणारा पर्याय) घालून बिल्ड करून टेस्ट्स चालवल्या तर चूक नेमक्या ओळीवर पकडली जाते. व्हेक्टर फंक्शनच्या बाहेर कुणाला द्यायचाच नसेल तर ‘लोकलव्हेक्टर’ घ्यायचा, कॉपी-ऑन-राइटचा प्रश्नच उरत नाही.

साफसफाईच्या नावाखाली वागणूक बदलण्याची सर्वात नेहमीची चूक एरर मॅक्रोंच्या बाबतीत होते. एकात एक चार ‘इफ’ असलेलं फंक्शन ‘एरर_फेल_कंड’ने सपाट करायचं, दिसायला छान. पण हे मॅक्रो नुसते परत फिरत नाहीत, ते फाइल आणि ओळ क्रमांकासकट एरर छापतात. पॉइंटर रिकामा असणं जिथे रोजची, वैध गोष्ट आहे, तिथे साध्या ‘इफ’च्या जागी ‘एरर_फेल_नल’ आलं की वापरकर्त्याच्या कन्सोलवर दर फ्रेमला लाल ओळी वाहू लागतात. दर ‘इफ’मागे एकच प्रश्न विचारायचा: ही अट खरी ठरली तर बोलावणाऱ्याची चूक आहे का? असेल तर मॅक्रो, नसेल तर नुसतं ‘रिटर्न’. आणि वर आधी ‘मेमन्यू’ने मेमरी घेऊन काही तयार केलं असेल तर मधल्या ‘रिटर्न’ने ते गळणार नाही हेही बघायचं.

हेडर कमी करणं हे खरोखर उपयोगाचं काम आहे. ‘ऑब्जेक्ट’, ‘नोड’, ‘व्हेरिअंट’ यांच्या हेडरला धक्का लागला की जवळजवळ सगळं इंजिन पुन्हा कंपाइल होतं, म्हणून त्यांच्यातला एक अनावश्यक इन्क्लूड काढला तरी सगळ्यांचा वेळ वाचतो. जिथे नुसता पॉइंटर किंवा रेफरन्स लागतो तिथे क्लासची पूर्वघोषणा पुरते. ‘रेफ’ या वापराची मोजणी ठेवणाऱ्या पॉइंटरमध्ये धरलेला प्रकार असेल तर बहुतेकदा पूर्ण व्याख्या लागते. गफलत होते ती तपासताना. ‘एससीयू_बिल्ड’ चालू असेल तर बऱ्याच फाइल्स एकत्र जोडून कंपाइल होतात आणि एका फाइलचा इन्क्लूड शेजारणीला फुकट मिळतो. तुमच्याकडे सगळं सुरळीत, दुसऱ्याच्या साध्या बिल्डमध्ये मोडलेलं. म्हणून हेडरचं काम करताना हा पर्याय बंद ठेवायचा. एडिटरचं बिल्ड झालं की ‘टेम्प्लेट_रिलीज’चंही (तयार गेमसोबत जाणाऱ्या आवृत्तीचं) करायचं, कारण ‘टूल्स_एनेबल्ड’ आणि ‘डीबग_एनेबल्ड’ तिथे नसतात. केवळ डीबगमध्ये वापरलेलं व्हेरिएबल तिथे न वापरलेलं ठरतं आणि ‘डब्ल्यूएरर’ (इशाऱ्यालाही एरर मानणारा पर्याय) लावलेलं असेल तर बिल्ड थांबतं. ‘डिसेबल_३डी=यस’ घालून आणखी एकदा. लिनक्सच्या बिल्डमध्ये विंडोज किंवा अँड्रॉइडच्या फाइल्स कंपाइल होत नाहीत, त्या सीआयवर सोपवाव्या लागतात. तिथेच आणखी एक खड्डा: विंडोजचे काही हेडर ठरावीक क्रमानेच लागतात, आणि एक्स-११चे (लिनक्सवरच्या खिडक्यांच्या यंत्रणेचे) हेडर ‘नन’सारखे मॅक्रो सोडून जातात. तिथे इन्क्लूडच्या गटांमध्ये सोडलेली रिकामी ओळ बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेली असते. ती पुसली की फॉरमॅटर (कोडची मांडणी लावणारं साधन) दोन्ही गट एकत्र लावून टाकतो.

फॉरमॅटरचं एवढंच लक्षात ठेवा: मशीनवर असेल ते क्लँग-फॉरमॅट चालवू नका. आवृत्ती बदलली की रचना बदलते. रेपोच्या ‘प्री-कमिट’ फाइलमध्ये आवृत्ती ठरवलेली आहे. एकदा ‘प्री-कमिट इन्स्टॉल’ केलं की दर कमिटला तीच चालते.

‘थर्डपार्टी’ फोल्डरमध्ये तर काही नीटनेटकं करायला जाऊच नये. तिथला कोड इतरांचा आहे. तिथल्या रीडमीमध्ये प्रत्येक लायब्ररीचा मूळ स्रोत, आवृत्ती, परवाना आणि घेतलेल्या फाइल्स लिहिलेल्या असतात. पुढच्या अद्ययावतीकरणात मूळ फाइल्स वरून ओतल्या जातात आणि तुमचा बदल पुसला जातो. बदल करणं अगदी भागच असेल तर त्याचा पॅच करून लायब्ररीच्या ‘पॅचेस’ फोल्डरमध्ये ठेवायचा आणि रीडमीत नोंद करायची. शिवाय लिनक्स वितरणं ‘बिल्टइन_फ्रीटाइप=नो’सारखे पर्याय देऊन आपलीच लायब्ररी जोडू शकतात; त्यांच्या बिल्डमध्ये तुमचा पॅच नसणारच.

एखादी ओळ निरर्थक वाटली की ‘गिट लॉग -एस’ने ती कधी आली ते काढायचं. व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या कोडमध्ये अ‍ॅड्रिनो नावाच्या मोबाइल जीपीयूच्या ड्रायव्हरमधल्या दोषांसाठी घातलेले वळसे आहेत. डेस्कटॉपवर ते काढून टाकले तर काहीच बिघडत नाही, बिघडतं ते कुणाच्या तरी फोनवर. कधी शोध फेब्रुवारी २०१४ च्या पहिल्या कमिटवर जाऊन थांबतो, ज्या दिवशी कोड खुला झाला. त्यामागे इतिहास नाही. तिथे काढण्यापेक्षा आधी टेस्ट लिहिणं बरं: ‘टेस्ट्स=यस’ने बिल्ड, मग ‘--टेस्ट’ आणि त्या भागाच्या नावाची चाळणी.

मोठ्या झाडून-पुसून कामांना वेळ बघावी लागते. २०२० मध्ये ४.० ची तयारी चालू असताना ‘नल’च्या जागी ‘नलपॉइंटर’ आलं, प्रत्येक ‘इफ’ला महिरपी कंस आले. २०२५ मध्ये हेडरच्या पारंपरिक गार्डऐवजी ‘प्रॅग्मा वन्स’ आलं, तेही ४.४ बाहेर पडल्यावर, ४.५ च्या सुरुवातीला. याचं कारण साधं आहे. असा बदल शेकडो फाइल्सना शिवतो, उघड्या असलेल्या इतरांच्या पुल रिक्वेस्ट अडखळतात, आणि जुन्या स्थिर शाखेवर दुरुस्ती चेरी-पिक करताना (वेचून नेताना) दर वेळी संघर्ष उठतो. प्रकाशनाच्या तोंडावर हा ताप मेंटेनरांच्या डोक्यावर टाकणं गैर आहे.

छोट्या कामातही तोच विचार ठेवायचा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय, एकच कमिट. फाइल हलवायची असेल तर नुसती हलवा, सुधारणा दुसऱ्या वेळी; गिट साधारण ५० टक्के साम्य असेल तरच तिला हलवलेली फाइल मानतं, नाहीतर इतिहास तुटतो. एडिटरमधल्या इंग्रजी वाक्यात नुसता पूर्णविराम वाढवला तरी त्याचं प्रत्येक भाषेतलं भाषांतर पुन्हा तपासावं लागतं, म्हणून ‘टीटीआर’मधल्या (भाषांतरासाठी खूण केलेल्या) मजकुराला सहज म्हणून हात लावायचा नाही. आणि काम निव्वळ रचनेचं असेल तर मर्ज झाल्यावर त्या कमिटचा हॅश ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’मध्ये (ओळ कुणी लिहिली हे शोधताना वगळायच्या कमिटच्या यादीत) घालायचा, वेगळ्या पुल रिक्वेस्टने. आधी घालून उपयोग नाही. मधे एकदा जरी रिबेस (कमिटची नव्या पायावर मांडणी) झालं तरी हॅश बदलतो.