सपोर्टची चाकं नकोत, पेडलंच काढा

पोरांना सायकल शिकवायची म्हटलं की आपल्या गोव्यात एकच पद्धत. म्हापशाला नाहीतर फोंड्याला दुकानात जायचं, दुकानदार तीन वर्षांच्या पोरासाठी १२ इंची सायकल काढतो, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी छोटी प्लॅस्टिकची चाकं, पुढे बास्केट, हँडलला झिरमिळ्या, पोर खूष आणि आपण पण खूष. मी हे सगळं लिहितेय ते त्या दोन छोट्या चाकांबद्दल, कारण माझं अगदी ठाम मत झालंय की ती पोरांना सायकल शिकवत नाहीत, उलट जे शिकायचं असतं त्याच्या बरोबर विरुद्ध शिकवतात.

माझी लेक आता चार वर्षांची आहे आणि पेडल मारत देवळाच्या प्रांगणात मस्त फेऱ्या मारते, तिच्या सीटला धरून मागे कुणी कधी धावलेलं नाही. अडीच वर्षांची होती तेव्हा तिला बॅलन्स बाईक आणली. म्हणजे दोन चाकं, एक सीट, एक हँडल, बस. पेडल नाही, चेन नाही. पोर सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि पायांनी जमीन ढकलत पुढे जातं. बॉक्स उघडल्या उघडल्या सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘हाचीं पेडलां खंय गो?’ त्यांना वाटलं पार्सलमधून काहीतरी यायचं राहिलं. मी त्यांना सांगितलं की आई, जगातली पहिली सायकल अशीच होती. खरंच होती, कार्ल फॉन ड्राइस नावाच्या जर्मन माणसाने १८१७ साली मानहाइममधे लाकडाची दोन चाकी गाडी चालवली ती पायांनी जमीन ढकलतच, आणि पेडल लागलं ते थेट १८६० च्या दशकात फ्रान्समधे. म्हणजे पेडल यायच्या चाळीसेक वर्षं आधीच लोक नुसता तोल सांभाळत दोन चाकांवर फिरले होते. पेडल मारणं हा सायकलचा सोपा भाग आहे हो, तीनचाकीवर अडीच-तीन वर्षांचं पोर पण मारतं. अवघड आहे तो तोल, आणि आपण मात्र आधी पेडल शिकवतो आणि तोल शेवटी एकदम, चाकं काढायच्या दिवशी, पोराच्या डोक्यावर टाकतो.

आता तोल म्हणजे काय होतं ते बघा. सायकल उजवीकडे कलली की हँडल उजवीकडे वळवायचं, मग चाकं कलणाऱ्या अंगाखाली येतात आणि सायकल परत सरळ होते. डावीकडे कलली की डावीकडे. आपण मोठी माणसं हे इतक्या बारीक प्रमाणात आणि सतत करत असतो की आपल्याला कळत पण नाही. बऱ्याच जणांना वाटतं फिरणाऱ्या चाकांमुळेच सायकल उभी राहते, मला पण शाळेत असंच सांगितलेलं. पण नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी एक खास सायकल बनवली, चाकांच्या वर उलट फिरणारी चाकं लावून चाकांच्या फिरण्याचा तो परिणाम मुद्दाम घालवून टाकला, आणि ढकलून सोडल्यावर तरीसुद्धा ती एकटी, वर कुणी बसलेलं नसताना, तोल सांभाळत गेली, कारण पडायला लागली की ती आपोआप त्या बाजूला वळत होती. २०११ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आलंय हे. तर शिकायचं ते एवढंच, पडतोय तिकडे वळायचं. आणि हे कुणाला तोंडाने सांगून येत नाही, अंगालाच कळावं लागतं.

सपोर्टच्या चाकांवर हे अंगाला कळायला जागाच नसते कारण सायकल कलतच नाही. त्यात वळताना आणखी वाईट, पोर उजवीकडे वळलं की अंग डावीकडे फेकलं जातं, डाव्या छोट्या चाकावर सगळा भार येतो, आणि पोराला सवय लागते वळताना बाहेरच्या बाजूला झुकायची. दोन चाकांवर आत झुकावं लागतं. मग दोन वर्षांनी चाकं काढली की पोर घाबरतं, रडतं, आणि आपण म्हणतो घाबरट आहे. घाबरट नाही हो, त्याच्या अंगात दोन वर्षं चुकीची सवय मुरलीय.

आणि आपल्या गोव्यातल्या जागा तरी कुठे सपाट आहेत. आमच्या गावच्या फुटबॉलच्या मैदानावर शेजारचा एक मुलगा सपोर्टवाली सायकल आणायचा. मैदानात ठिकठिकाणी खळगे, पावसाच्या पाण्याने झालेले. सायकल खळग्यात गेली की दोन्ही छोटी चाकं खळग्याच्या दोन काठांवर टेकायची आणि मधलं मोठं चाक हवेत. बिचारा जीव खाऊन पेडल मारतोय, चाक गरगर फिरतंय, सायकल जागची हलत नाही, आणि दर वेळी कुणीतरी जाऊन ढकलायचं. माझी लेक त्याच खळग्यातून पाय मारत वर यायची, तिच्याहून तो वर्षभराने मोठा. त्याचा चेहरा बघवत नव्हता मला, म्हणून त्याच्या आईशी बोलले, ते पुढे सांगते.

पोर्तुगालमधे २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, कोण काय वापरून किती वर्षांचं असताना सायकल शिकलं हे लोकांना विचारून केलेला. बॅलन्स बाईकवाले सरासरी चार वर्षांच्या आसपास शिकले आणि सपोर्टवाले सहाच्या आसपास. दोन वर्षांचा फरक. अर्थात सगळ्यांनी चौथ्या वर्षी शिकलंच पाहिजे असं अजिबात नाही, शर्यत नाहीये ती, पण ती मधली रडारड तरी वाचते ना.

आमच्याकडे कसं झालं ते सांगते. पहिले काही आठवडे ती सीटवर बसलीच नाही. सायकल दोन पायांत धरून नुसती चालायची, अंगणात तुळशीवृंदावनाभोवती, गोल गोल. मी काही बोलले नाही. मग कधीतरी टेकली, बसून चालायला लागली, मग पावलं लांब पडायला लागली. डाव्या हाताला वळणं तिला लगेच जमलं, उजव्या हाताला वळताना मात्र थांबून सायकल उचलून फिरवायची. आणि मग गेटपासून अंगणात यायला जो थोडासा उतार आहे तिथे एकदा दोन्ही पाय वर घेतले. दोन-तीन सेकंद असतील. पाय जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, गुडघे बाहेर, ओठ घट्ट मिटलेले, आणि हँडल बारीक थरथरतंय, इकडे तिकडे इकडे तिकडे. ते थरथरणं बघून मला इतका आनंद झाला कारण तोल तो तोच. त्यानंतर उतार सोडायलाच तयार नाही, वर चढवायची सायकल आणि परत खाली, जेवायला हाक मारली तरी ‘आता एकच’.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सीटची उंची, त्यात तडजोड नको. पोराला भिंतीला टेकून उभं करा, बूट घालून, दोन पायांच्या मधे वही धरून वर टेकवा आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोजा. त्यातून दोनेक सेंटिमीटर कमी ती सीटची उंची. बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकले पाहिजेत. दर दोन-तीन महिन्यांनी परत बघायचं, या वयात पाय भराभर वाढतात. दुसरं म्हणजे वजन. साधी १२ इंची सायकल सात-आठ किलोची भरते आणि पोर स्वतः बारा-तेरा किलोचं, ते कसं सांभाळणार? बॅलन्स बाईक तीन-चार किलोची मिळते, तशीच बघा.

टायर दोन प्रकारचे येतात, फोमचे आणि हवेचे. फोमचे पंक्चर होत नाहीत पण ओल्यावर सटकतात आणि खळग्यात सगळे हिसके पोराला बसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगणात, पेव्हरवर, चिऱ्यावर सगळीकडे शेवाळ, तेव्हा मी हवेचेच घ्या म्हणेन, आणि तरी पावसाळ्यात बाहेर नकोच. आम्ही पावसाळा हॉलमधे काढला, सोफा भिंतीला लावून. बाकी दिवसांत मैदान आहे, भात कापून झालेलं सुकं शेत आहे, आणि मोरजी किंवा केरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली घट्ट वाळू असते ती तर फारच छान, पडलं तरी लागत नाही. फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची सायकल, नाहीतर बेअरिंग गंजतात. मोरजीला थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालतात तिथे कुंपण घातलेलं असतं, त्या बाजूला जायचं नाही हे पोरांना आधीच सांगा.

रस्त्यावर मात्र नाही म्हणजे नाही. बहुतेक बॅलन्स बाईकना ब्रेक नसतो, पोरं बुटाने थांबवतात (बुटाचं पुढचं टोक झिजतं, जुने बूट ठेवा त्यासाठी, आणि चपलांवर कधीच नको), आणि आपल्या गावातले उतार असे की एकदा वेग आला की पायाने थांबत नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, म्हणजे तो विषयच निघत नाही नंतर.

आणि हात लावू नका. हे आजोबांना समजावणं सर्वात कठीण. हँडल धरलं किंवा सीट धरली की तोल तुम्ही सांभाळताय, पोराला काहीच कळत नाही. फारच वाटलं तर पाठीवर हलका हात, बास.

पेडलच्या सायकलवर कधी न्यायचं? दोन्ही पाय वर घेऊन वळण पार करायला लागलं की तयार आहे समजा. आम्ही १४ इंची घेतली, सीट सुरुवातीला खालीच ठेवली. तोलाचा प्रश्न आलाच नाही, प्रश्न आला ब्रेकचा. सवयीने पाय खाली टाकते आणि पेडल नडगीवर आपटतं. म्हणून आधी सायकल हातात धरून शेजारून चालवत नुसतं ब्रेक दाबून थांबवायचा खेळ खेळलो. ब्रेकचा दांडा छोट्या बोटांना लांब पडतो, बऱ्याच ब्रेकना तो जवळ आणायचा एक छोटा स्क्रू असतो, दुकानात सांगून घट्ट करून घ्या.

तर त्या शेजारच्या मुलाचं. त्याच्या आईला वाटत होतं की आता परत वेगळी सायकल विकत घ्यावी लागणार, दोन-तीन हजार जाणार. काही गरज नाही. आहे त्याच सायकलची छोटी चाकं काढली, पेडलं काढली, सीट पार खाली केली. पंधरा नंबरचा पाना लागतो आणि एक लक्षात ठेवायचं, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं, नाहीतर लोक जोर लावून लावून आणखी घट्ट करून ठेवतात. नुसती पेडलं काढली तर क्रँकचे दांडे, म्हणजे पेडलं ज्यांना लावलेली असतात ते, पोटरीला लागतात, म्हणून दुकानातून ते पण काढून घेतले. जुनी सवय मोडायला त्याला थोडा वेळ लागला, वळताना बाहेर झुकायचा आणि पाय टेकायचा, पण पाय टेकतायत म्हटल्यावर भीती गेली. दिवाळीच्या सुट्टीत पेडलं परत बसवली. तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचं पोर सपोर्टच्या चाकांवर अडकलेलं असेल तर हे आधी करून बघा, नवीन सायकल नंतर.