मांजरसुंब्याच्या चौकातली वीस मिनिटं

२०२४ च्या जानेवारीपासून वाळूजच्या आमच्या यार्डात एक ३२ फुटी कंटेनर सलग ४१ दिवस उभा होता. पासिंग झालेलं, इन्शुरन्स भरलेला, टायर नवे, आणि तमिळनाडूतल्या, बंगळुरूजवळच्या होसूरच्या लोडसाठी कंपनीचा रोज फोन. चालवायला माणूस नव्हता. बॅटरी उतरू नये म्हणून आमचा क्लीनर दर तीन दिवसांनी गाडी सुरू करायचा, थोडा वेळ तशीच ठेवायचा आणि बंद करून खाली उतरायचा. महिन्याचा हप्ता ५८,४०० रुपये, तो चुकत नव्हता.

वडिलांच्या आजारपणानंतर ट्रान्सपोर्टचा धंदा मी बघते. आठ गाड्या आणि नऊ ड्रायव्हर, त्यातले पाच एका वर्षात सोडून गेले होते. सगळ्यात जास्त लागलं ते पाटोद्याकडच्या मामांचं जाणं. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, चौदा वर्षं स्टिअरिंगवर. १ जानेवारीला ड्रायव्हरांचा संप सुरू झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात माणूस दगावला आणि ड्रायव्हर कुणाला न कळवता निघून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी तरतूद होती. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय ते कलम लागू करणार नाही असं सांगितलं आणि संप मिटला. पुढे १ जुलैला संहिता लागू झाली ती ते कलम बाजूला ठेवूनच. पण मामा त्याआधीच किल्ली टेबलावर ठेवून गेले होते. म्हणाले, "ताई, थांबलं तर लोक जीव घेतात, पळालं तर सरकार. आता नको." मला वाटलं, आठ दिवसांत येतील. आले नाहीत.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. पगार दोन हजारांनी वाढवला. अड्ड्यावर निरोप दिले. एकाला ३०,००० रुपये उचल दिली, तो दुसऱ्या ट्रिपला सोलापूरच्या अलीकडे पंपावर गाडी लावून फोन बंद करून गेला. गाडीत माल, किल्ली पंपावाल्याकडे. बदलीवाला पाठवून गाडी हलवली तेव्हा ईवे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपायला काही तास उरले होते. त्या रात्री मी ठरवलं की नवा माणूस शोधण्याआधी गेलेल्यांना भेटायचं. का गेलात, एवढंच विचारायचं.

पाचपैकी तिघांच्या घरी जाऊन आले. मामांचं गाव मांजरसुंब्याहून पाटोद्याला जाताना आत लागतं. मामा रानात होते, म्हणून आधी मामींशीच बोलणं झालं, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे तिथेच उघडले. आमची होसूरची गाडी गेवराई, बीड, मांजरसुंबा, तुळजापूर करत सोलापूरला उतरते आणि तिथून विजयपुरा, होस्पेट, चित्रदुर्ग. म्हणजे महिन्यातून तीन-चार वेळा मामा स्वतःच्या गावाजवळून जात. मामी मला सांगत होत्या, की गाडीचा फोन आला की त्या दिराच्या मोटारसायकलवर बसून, धाकटीला मांडीवर घेऊन, भाकरीचं गाठोडं घेऊन मांजरसुंब्याच्या चौकात येऊन उभ्या राहायच्या. कधी रात्रीचे अकरा, कधी पहाटेचे चार. गाडी कडेला लागायची. मामा खाली उतरून लेकीला घ्यायचे, खर्चाचे पैसे द्यायचे, गाठोडं केबिनमध्ये ठेवायचे. वीस मिनिटं. "आन् तेवढ्यात तुमचा फोन यायचा, गाडी का थांबली म्हणून."

तो फोन मीच करत होते. जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की फोन करायचा, ही माझी रोजची सवय. मांजरसुंब्यालाच का थांबते, हे मी चौदा वर्षं आमच्याकडे असलेल्या माणसाला एकदाही नीट विचारलं नव्हतं. मामांनीही कधी सांगितलं नाही. मालकाला घरचं काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं.

मामा आल्यावर पगाराचं विचारलं. ते म्हणाले, "पैशाचं नाही हो ताई. होसूरला गेटबाहेर तीन दिवस पडून राहिलो तर त्या तीन दिवसांचं काय?" आमच्याकडे १२,००० पगार आणि ट्रिपमागे ४,५०० भत्ता होता. गाडी चालली तर भत्ता. गेटवर टोकन घेऊन, डॉक रिकामा होण्याची वाट बघत उभी राहिली तर शून्य. जेवण मात्र त्या दिवसांचंही लागतंच. अंघोळीला पाणी नाही. संडास कंपनीच्या आत, आणि आत ड्रायव्हरला गेटपास मिळतो तो फक्त गाडी खाली, म्हणजे रिकामी, करायच्या वेळी. ५२ वर्षांचा माणूस पहाटे अंधारात झुडपांमागे जातो, हे मला त्याने खाली बघून सांगितलं.

घरी येऊन मी वही घेऊन बसले. वाळूज ते होसूर हजार किलोमीटरच्या थोडं वर. ईवे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे सहा दिवसांची मुदत. आम्ही ती ट्रिप अडीच दिवसांत मारायला लावत होतो, कारण "लवकर खाली झाली तर परतीचं भाडं लवकर". आणि मग लवकर पोचलेली गाडी गेटवर दोन-तीन दिवस उभी. मागच्या सहा महिन्यांच्या पावत्या काढून बघितल्या. होसूरच्या २३ ट्रिपांपैकी १७ ट्रिपांत गाडी २४ तासांहून जास्त थांबलेली. म्हणजे माणसाची झोप मारून कमावलेला वेळ आम्ही गेटबाहेर उभं राहून घालवत होतो. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सगळं लिहिलेलं होतं. माझे नऊ ड्रायव्हर म्हणजे तो कायदा मला लागू होता. मी तो तेव्हा पहिल्यांदा वाचला.

मार्चपासून बदल केले. पहिला हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी उभी राहिल्याच्या भरपाईचा. २४ तासांनंतर गाडी उभी राहिली तर ड्रायव्हरला दिवसाला ६०० रुपये, कंपनीने मला हॉल्टिंग दिलं असो वा नसो. कंपन्यांकडेही लेखी मागितलं. दोघांनी मान्य केलं. तिसऱ्याने "गाड्यांची काय कमी आहे" म्हणून हसण्यावारी नेलं, तेव्हा त्यांचं काम मी सोडलं. ते सोडताना हात थरथरत होते, महिन्याला सहा-सात लोड जात होते. पहिल्या वर्षी हॉल्टिंगपोटी ड्रायव्हरांना माझ्या खिशातून १,१२,००० रुपये गेले. पण एकच गाडी ४१ दिवस उभी राहिली तेव्हा नुसता हप्त्याचाच ८०,००० च्या आसपास फटका बसला होता, भाडं बुडालं ते वेगळं.

दुसरा बदल घरचा. ड्रायव्हरचं गाव रस्त्यावर असेल तर जाता किंवा येता एक रात्र घरी. लोड गाडी कुठेही लावता येत नाही, चोरीची भीती असतेच, म्हणून बीडजवळच्या एका पंपावाल्याशी बोलून महिन्याच्या बोलीवर पार्किंग ठरवलं. रात्री वॉचमन असतो. डिझेल त्याच्याकडेच भरतो, त्यामुळे त्यालाही परवडतं. शिवाय महिन्यातले चार दिवस सलग सुट्टी, तारीख आधी ठरलेली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावासमोर लिहिलेली. हे सगळ्यात अवघड गेलं. दिवाळीच्या तोंडावर लोड ओरडत असतात आणि कॅलेंडरवर दोघांची सुट्टी. एकदा मी सुट्टी मोडायला लावली, आणि तो ड्रायव्हर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्यानंतर मोडली नाही.

मामा मे महिन्यात परत आले. फोन करून एवढंच विचारलं, "कॅलेंडरचं खरं का?"

आता क्लीनरचं सांगते, कारण ड्रायव्हर मिळत नाहीत याचं मूळ मला तिथे दिसतं. पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा. टायर बदलता बदलता, रिव्हर्सला मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडता ओरडता, रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाने हातात दिलेलं स्टिअरिंग धरत तो पाच-सहा वर्षांत ड्रायव्हर व्हायचा. मग आम्ही मालकांनीच पगार वाचवायला क्लीनर काढले. ड्रायव्हर एकटा पडला आणि नवा ड्रायव्हर तयार होणं थांबलं. आपणच बियाणं खाल्लं आणि आता पेरायला नाही म्हणून रडतोय.

आमच्याकडे एकच क्लीनर उरला होता, तोच, बॅटरीसाठी गाडी सुरू करणारा. वय २१, शाळा सहावीपर्यंत. वडिलांच्या काळात अशा पोरांचा रस्ता तिथेच संपायचा, कारण ट्रान्सपोर्ट लायसन्सला आठवी पास लागायचं. ती अट २०१९ मध्ये निघाली, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्याकडे फक्त मोटारसायकलचं लायसन्स. जड वाहनाच्या लायसन्सला वय वीस पूर्ण पाहिजे आणि आधी किमान एक वर्षाचं हलक्या वाहनाचं लायसन्स. म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये आधी हलक्या वाहनाचं काढलं आणि वर्षभर त्याला आमच्या पिकअपवर ठेवलं, शहरातल्या शहरात माल पोचवायला. त्या मधल्या काळात मला धास्ती होती, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी साडेसात हजार किलोंपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहन त्या लायसन्सवर चालतं असा निकाल दिला, तेव्हा मोकळा श्वास घेतला.

पुढच्या एप्रिलमध्ये जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स, डॉक्टरचा दाखला, मोटर ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण आणि त्यांचं प्रमाणपत्र. ऑनलाइन फॉर्म त्याच्याकडून भरून घेणं हेच मोठं काम होतं, इंग्रजी दिसलं की तो मोबाईल माझ्याकडे सरकवायचा. आम्ही मराठी पर्याय शोधला आणि एका दुपारी ऑफिसात बसून सगळं त्यानेच भरलं. टेस्टच्या आदल्या दिवशी मामांनी त्याला यार्डात चार तास रिव्हर्स घ्यायला लावलं. दोन ड्रमच्या मधून, आरशात बघून, एकदाही मागे वळून न बघता. ड्रमला एकदा मागचा बंपर घासला तेव्हा मामांनी गाडी बंद करायला लावली, त्याला पाणी दिलं, आणि परत पहिल्यापासून.

जूनमध्ये लायसन्स हातात आलं. मी सगळा खर्च केला, पण बॉण्ड लिहून घेतला नाही. ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी वेड्यात काढलं, पोरगा शिकून दुसरीकडे जाईल म्हणाले. जाईलही. पण कागदाने बांधलेला माणूस गाडी कशी चालवतो ते मी उचल देऊन बघितलं होतं. पहिल्या सहा ट्रिपा तो मामांच्या शेजारी बसूनच गेला, आणि त्या गाडीवर दोन माणसांचा पगार पडला. ते मी सोसलं.

आज नऊच्या नऊ जागा भरलेल्या नाहीत, आठ आहेत. ऑगस्टमध्ये एक जण पुण्यात कंपनीच्या बसवर लागला, रोज रात्री घरी जातो, पोरगी दहावीला आहे त्याची. त्याचा हिशोब त्याच दिवशी पूर्ण केला. संडासाचं मात्र अजून जमलेलं नाही. एका कंपनीने पत्रानंतर गेटबाहेर दोन संडास आणि नळ बांधला, बाकीच्यांच्या मागे लागले आहे, दर महिन्याला मेल करते.

आणि रात्री मांजरसुंब्याला गाडी थांबलेली दिसली की आता मी फोन करत नाही. सकाळी मामांचाच येतो, "निघालो ताई", आणि मागे मामींचा आवाज असतो, डबा विसरू नका म्हणून.