शेल्टरच्या फाटकाबाहेर: डॉग पोर्ट्रेटकडे वळतानाचा माझा अनुभव

कुत्र्यांचे पोर्ट्रेट करायचे तर संयम हवा, चांगली लेन्स हवी, असं सगळे सांगतात. सरावासाठी कुत्री कुठून आणायची हे मात्र कुणी सांगत नाही. माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. सरावासाठी शेल्टरला, म्हणजे बेघर कुत्र्यांच्या निवाऱ्याला, केलेल्या अर्जाची आठवण झाली की अजूनही डोकं तापतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मी लग्नसमारंभ आणि लहान मुलांचे फोटो काढायचे. ते सोडून फक्त कुत्र्यांचं काम घ्यायचं ठरवलं, सामान जुळवलं, ओळखीच्यांच्या कुत्र्यांवर हात बसवला. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. पण ओळखीची कुत्री आपल्या माणसांत असतात, हाक मारली की येतात. गिऱ्हाईक जे कुत्रं घेऊन येतं ते नव्या जागी कोपरा धरतं आणि लेन्स रोखली की तोंड फिरवतं. लोक मला अमेरिकन छायाचित्रकार विल्यम वेगमन यांचं उदाहरण देत. त्यांनी १९७० च्या दशकात मॅन रे नावाच्या स्वतःच्या वायमरानर जातीच्या कुत्र्याबरोबर काम केलं, १९७९ पासून पोलरॉइडच्या २० बाय २४ इंची कॅमेऱ्यावरही केलं. काम अप्रतिमच आहे. पण एकाच कुत्र्याबरोबर वर्षानुवर्षं राहून केलेलं काम वेगळं आणि आज पहिल्यांदा भेटलेल्या कुत्र्याला तासाभरात मोकळं करणं वेगळं. अनोळखी कुत्र्यांवर भरपूर सराव झाल्याशिवाय याचे पैसे घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. आणि इतक्या स्वभावांची कुत्री एका जागी भेटतात ती शेल्टरमध्येच.

तेव्हा एका शेल्टरला विचारलं. दत्तक देण्यासाठी त्यांनी लावलेले फोटो मी पाहिले होते. सगळे गजांच्या बाहेरून काढलेले, समोरून फ्लॅश मारलेला, डोळे हिरवे चमकलेले. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळून मारला की तोच उजळून दिसतो. फ्लॅश बाजूला नेला किंवा दारातून येणाऱ्या उजेडावर भागवलं की डोळे नीट येतात. मी म्हटलं, मी सगळे फोटो नव्याने काढून देते, एक पैसा नको. उत्तर आलं, अर्ज भरा.

अर्जात धनुर्वाताच्या लसीची नोंद मागितली होती, कुत्रं चावलं तर संस्था जबाबदार नाही असं लिहून द्यायचं होतं. दोन्ही रास्त. पण पुढचा रकाना होता ‘प्राण्यांच्या छायाचित्रणाचा पूर्वानुभव, पुराव्यासह’. जो अनुभव मिळवायला मी दार ठोठावत होते तोच दारात मागत होते! ओळखीच्या कुत्र्यांचे फोटो जोडले, तर ‘हे घरगुती वाटतात’ असं कळवलं. त्याखाली कलम होतं की काढलेल्या प्रत्येक फोटोचे सर्व हक्क संस्थेचे आणि छायाचित्रकाराने तो कुठेही दाखवायचा नाही. म्हणजे फुकट काम करायचं आणि पोर्टफोलिओत एकही फोटो लावायचा नाही. मी त्यात बदल सुचवला. मग विषय समितीकडे गेला.

समितीकडे गेलेल्या विषयाचं काय होतं ते ज्यांनी भोगलं आहे त्यांनाच कळेल. विचारलं की ‘पुढच्या बैठकीत घेतोय’. बैठक झाली, विषय राहून गेला. पुढच्या वेळी तेच. मग अर्ज हाताळणारी व्यक्ती काम सोडून गेली आणि मला सांगितलं गेलं की जुना अर्ज सापडत नाही, नवा भरा. मी नवा भरला, लसीची नोंद पुन्हा जोडली, पुन्हा वाट पाहिली.

माझा वेळ गेला याचा राग होताच, पण खरा संताप दुसऱ्याच गोष्टीचा होता. त्यांच्या यादीत एक काळं कुत्रं होतं. त्याच्या फोटोत एक काळा डाग आणि दोन हिरवे ठिपके, बस. कान कसे, चेहरा कसा, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी यादी उघडायचे तेव्हा ते तिथेच असायचं. ज्याचा चेहराच दिसत नाही त्याला घरी कोण नेणार? कुठली तरी सही राहिली म्हणून ते पिंजऱ्यात बसून होतं आणि त्याचा नीट फोटो काढू शकणारी मी फाटकाबाहेर.

शेवटी वाट निघाली ती वेगळ्याच बाजूने. कुत्र्यांना फिरवून आणणारे स्वयंसेवक त्यांना कायम हवे असत आणि त्यासाठी समिती लागत नव्हती. एक छोटं प्रशिक्षण झालं की पट्टा हातात. शिवाय या स्वयंसेवकांना दत्तक-यादीसाठी फोनवर फोटो काढायची मुभा होती. मी ते काम घेतलं. काळ्या कुत्र्याला फिरवून आणलं, शेडच्या दाराशी सावलीत बसवलं, तोंड उजेडाकडे. फोटोत पहिल्यांदा त्याच्या भुवया दिसल्या, छातीवरचे चार पांढरे केस दिसले. तिथल्या देखभाल करणाऱ्या मावशींनी तो फोटो स्वतः नेऊन वर दाखवला. त्यानंतर माझा अर्ज आपोआप सापडला, जुनाही आणि नवाही. मला त्या फोटोचा आजही अभिमान वाटतो.

तर, कुणी या वाटेने जाणार असेल तर आधी पट्टा धरायला जा, कॅमेरा नंतर. फिरवताना जे कळतं ते व्ह्यूफाइंडरमधून कळत नाही. ओठ चाटणं, भूक नसताना नाक चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, ही अस्वस्थपणाची चिन्हं आहेत. ती दिसली की कॅमेरा खाली ठेवायचा, मालक ‘काढा, काढा’ म्हणत असला तरी.

काळ्या कुत्र्याचं तंत्र राहिलंच. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं करायचं असतं, म्हणून फ्रेमभर काळं कुत्रं असलं की तो फोटो उजळतो आणि काळे केस राखाडी होतात. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात जाणारा उजेड, एखाद स्टॉप खाली, म्हणजे निम्म्यावर आणा. पांढऱ्या कुत्र्याला उलट, वर न्या. पण नुसत्या आकड्याने काळ्या केसांत तपशील येत नाही. तो बाजूने येणाऱ्या मऊ, पसरट उजेडाने येतो. लांब नाकाच्या कुत्र्याला जवळून एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, डोळे स्पष्ट आणि नाक धूसर येतं. दोन्ही हवं असेल तर छिद्र लहान करून एफ ८ च्या आसपास जा. बसलेल्यालाही शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, धावणाऱ्याला १/१००० हवं. आणि चित्रविचित्र आवाज जपून वापरा. पहिल्यांदा कान टवकारतात, चौथ्यांदा कुत्रं ढुंकून बघत नाही. माझा एक आवाज मी शेवटच्या फ्रेमसाठी राखून ठेवते.

हक्कांचं कलम शेवटी असं ठरलं: फोटो संस्थेने दत्तक आणि निधीच्या कामासाठी हवे तितके वापरावेत, मालकी माझी राहील आणि पोर्टफोलिओत मी ते दाखवू शकेन. हे दोन ओळीत लिहून होतं. पहिल्याच भेटीत ते स्वतः लिहून न्या, त्यांच्या छापील कलमाची वाट बघू नका. गिऱ्हाइकाच्या कुत्र्याचा फोटो जाहिरातीत वापरायचा असेल तर मालकाची सही शूट सुरू व्हायच्या आधी घ्या. नंतर कुत्रं गाडीत बसलेलं असतं आणि मालक घाईत असतो.