बटण दाबून झाडांकडे

आमचा संगणक सुरू करायची एक रीत ठरून गेली होती. बटण दाबायचं आणि सरळ झाडांना पाणी घालायला जायचं. परत येईपर्यंत पडद्यावर सगळं मांडलेलं दिसे, पण काही उघडायला जावं तर ते निळं वर्तुळ गरगरत बसे.

पहिला संशय अर्थातच व्हायरसवर. (संगणकाला काहीही झालं की व्हायरस, ही आमची जुनी अंधश्रद्धा.) स्कॅन केला, काही निघालं नाही. मग टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे संगणकात कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी. प्रोसेसर 6 टक्के, जवळजवळ रिकामाच. आणि डिस्क 100 टक्के! म्हणजे हिशेबनीस चपळ, पण माळ्यावरून एकेक चोपडी काढून देणारा दमलेला. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. एक फेरा साधारण 8 मिलिसेकंदांचा. आपली पापणीही तेवढ्यात लवत नाही. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची मात्र तेवढ्या वेळात अडीच कोटी आवर्तनं होतात, आणि ती बिचारी वाट बघण्यात जातात.

त्यात सकाळी एकदम डिस्कवर तुटून पडणारी मंडळी. स्टार्टअपच्या, म्हणजे संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत एका प्रिंटरचा मदतनीस सापडला. प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झाला, हा रोज हजेरी लावतोय. त्याच्यासकट नऊ जणांना रजा दिली.

टास्क मॅनेजरमध्येच 'अप टाइम', म्हणजे संगणक सलग किती वेळ चालू आहे तो आकडा, दिसला: 41 दिवस. रोज रात्री न चुकता 'शट डाउन' करणारा मी चाटच पडलो. विंडोज 8 पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'ची ही करणी. शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. आहे तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी पुन्हा उचलला जातो. सगळं खरंच नव्यानं सुरू व्हायला हवं असेल तर 'रीस्टार्ट'. बंद केल्यानं बंद होत नाही, हे कुणी आधी सांगायचं!

पंख्यातली धूळ काढली, टेंपररी फायली उडवल्या. जागा झाली, वेग फारसा नाही. शेवटी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. तिच्यात फिरणारं काही नाहीच. ती मंद खरखरही गेली.

सवय मात्र आहेच. बटण दाबून झाडांकडे जातो. परत येतो तेव्हा कंटाळून पडदा झोपलेला असतो.