१८ लिटर, २८ लिटर आणि मैनापीचे दगड

मैनापीच्या धबधब्याहून परतताना एका ओल्या दगडावरून बसून घसरत उतरत होतो, तर मागून कुणीतरी ढकललं. भाचा माझ्या पुढे वीस हातांवर. मागे कुणीच नाही. ढकललं होतं पाठीवरच्या बॅगेनं. तिचं बूड दगडाला टेकलं आणि तिनं मला पुढे लोटलं. कोपर सोलवटलं, गुडघा थोडक्यात वाचला. त्या क्षणी बॅग विकणाऱ्याला जी शिवी घातली ती इथे लिहीत नाही, घरची माणसं वाचतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि भाचा असे चार दिवस गोव्यातच भटकलो. मी इथल्याच साखळी गावचा, तो कोल्हापूरला शिकतो. मुक्काम कुडचड्याला आत्याकडे. मोठं सामान तिथे टाकायचं, सकाळी निघायचं, रात्री जेवायला परत. गाडी नेली नाही. बस, रेल्वे, पायलट (म्हणजे भाड्याची मोटरसायकल) जे मिळेल त्यानं जायचं ठरवलं होतं. म्हणजे पाठीवर दिवसभराची एकच बॅग, आणि तिच्यावर सगळी मदार.

बॅगा दोन घेतल्या होत्या, एकाच बनावटीच्या. एक १८ लिटर, दुसरी २८. दुकानदार म्हणाला, "एका दिवसाला अठरा खूप झाली. मोठी घेतली की उगाच भरत बसाल." मी म्हटलं, दोघं आहोत, दोन्ही घेऊ, फिरून ठरवू कोण बरी. आत्याच्या वजनकाट्यावर १८ ची भरली ४१० ग्रॅम, २८ ची ६९०. फरक २८० ग्रॅमचा. चहाच्या पावशेर पुड्यापेक्षा जरा जास्त. या फरकावरून डोकं खाजवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या खिशातली चिल्लर काढावी.

पहिला दिवस तांबडी सुर्ला. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ, सुंदर आहे, जा. बॅगेच्या दृष्टीनं सांगण्यासारखं काही घडलं नाही. बसच्या थांब्यापासून चालायला लागलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी नेत्रावळी.

नेत्रावळी अभयारण्यात सावरी आणि मैनापी असे दोन धबधबे लोकांना माहीत असतात. सावरी सोपा. मैनापीला जंगलातून चालत जावं लागतं, मध्ये ओढा ओलांडावा लागतो आणि शेवटी दगडच दगड. वनखात्याच्या नाक्यावर पावती करायची. पाऊस जोरात असेल तर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. २०२३ च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाले होते. आम्ही गेलो तेव्हा आभाळ अर्धंमुर्धं होतं, पाणी भरपूर होतं पण गढूळ नव्हतं. नाक्यावर विचारून घ्या, आणि ते नको म्हणाले तर हुज्जत घालू नका.

आता सामान. दोघांचं मिळून चार लिटर पाणी, डब्यात आत्यानं दिलेल्या पोळ्या आणि सुकं बटाट्याचं, दोन पोई (गोव्याचे पाव), रेनकोट दोन, पंचे दोन, एकेक सुका शर्ट, बॅटरी, मलम, चिकटपट्टी, जळवांसाठी तंबाखूची पुडी. निम्मंनिम्मं वाटून घ्यायचं ठरलं. भाच्याच्या अठरात त्याचे दोन लिटर पाणी आणि रेनकोट गेला, पंचा कोंबला, झालं. डबा बसेना. तो म्हणाला, "मामा, डबा हातात धरतो." मी म्हटलं, "अरे, जंगलात हात मोकळे पाहिजेत." मग डबा माझ्याकडे आला. दोन्ही पोई एका कॅरीबॅगेत घालून त्यानं त्या बॅगेच्या पट्ट्याला लटकावल्या. ही कॅरीबॅग लक्षात ठेवा, दोन दिवसांनी परत येणार आहे.

दहा मिनिटांत कळलं की १८ ची खरी अडचण ती लहान आहे ही नाही. तिच्यात न मावलेलं सगळं बाहेर लटकतं, ही आहे. बाहेर लटकणारी वस्तू प्रत्येक करवंदीच्या जाळीत अडकते, ओढ्यात भिजते, आणि बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसते. जाताना सांग्याच्या बसमध्ये कंडक्टर आधीच ओरडला होता, "फाटीं वचात, फाटीं!" आणि मागे सरकताना ती लटकती कॅरीबॅग एका बाईच्या टोपलीला लागली. तिनं बघितलं ते मी विसरणार नाही.

ओढा ओलांडताना भाचा वाकला आणि त्याच्या बॅगेच्या बाजूच्या जाळीदार कप्प्यातली बाटली सुटून पाण्यात गेली. पाहतापाहता दिसेनाशी झाली. असे ताणणारे कप्पे नवे असताना बाटली घट्ट धरतात आणि बॅग पोटातून ठासून भरली की त्यांना जागाच उरत नाही. बाटली वर ढकलली जाते. लहान बॅग म्हणजे ठासून भरलेली बॅग, म्हणून हे लहान बॅगेतच होतं. माझी बाटली चारही दिवस हलली नाही. पोराला ओरडलो, पण चूक त्याची नव्हती. लांब दोरी घ्या, बाटलीच्या मानेला बांधा, पट्ट्याला अडकवा. नाहीतर बाटली आत ठेवा, आणि त्यासाठी आतमध्ये जागा असू द्या.

जळवांचंही सांगतो. बॅग पाचोळ्यावर टेकवू नका. आम्ही पाणी प्यायला थांबलो, बॅगा खाली ठेवल्या आणि पाठीला लागणाऱ्या फोमच्या खाचांत तीन जळवा शिरल्या. त्या खाचा हवा खेळती राहावी म्हणून असतात असं लेबलावर लिहिलं होतं. ऑक्टोबरच्या गोव्यात त्यांच्यातून हवा खेळत नाही, फक्त जळवा खेळतात. बॅग फांदीला अडकवा. तंबाखू पाण्यात कालवून मोज्यांवर चोळली होती, त्यामुळे पायांना फारसं काही झालं नाही. मीठ न्यायला काही हरकत नाही, पण ओढ्यात उतरलात की विरघळून गेलं.

आणि मग ते दगड. शेवटचा पट्टा लांब नाही, पण परतताना मी त्यात घालवलेला वेळ आयुष्यभर पुरेल. शेवाळलेले, भांड्याएवढ्यापासून जीपएवढे दगड, मधल्या फटीत पाणी. उभ्यानं उतरायची जागा नाही, बसून घसरायचं. इथे माझी २८ ची वैरीण झाली. ती लिटरमुळे नाही, लांबीमुळे. मी पाच फूट चार इंच. बॅग ५२ सेंटिमीटर लांब, तिचं बूड माझ्या कमरेखाली येतं. बसलं की ती दगडावर टेकते आणि माणसाला पुढे ढकलते. भाच्याची ४४ सेंटिमीटरची, शिवाय तो उंच, त्याला पत्ताही लागला नाही. तो माकडासारखा उतरला आणि खाली जाऊन माझे फोटो काढत बसला.

तीनदा ढकलला गेल्यावर अक्कल आली. बॅग काढली, खाली त्याच्या हातात दिली, मग उतरलो. असं सात-आठ वेळा. एकटे गेलात तर हे करता येणार नाही. म्हणून दुकानात बॅग घालून आरशात बघू नका. जमिनीवर फतकल मारून बसा. बॅगेचं बूड जमिनीला टेकलं आणि ती खांद्यांच्या वर सरकली, तर ती बॅग तुमची नाही, लिटर कितीही असोत. दुकानदार हसला तर हसू दे. २५-२८ लिटरच्या बॅगाही आखूड आणि जरा जाड अशा मिळतात. त्या बघा.

दुसरी गोष्ट, कमरेचा पट्टा. माझ्या बॅगेला होता तो बोटभर रुंदीचा, नाड्यासारखा. त्यानं वजन कमरेवर येत नाही, पण बॅग डावी-उजवी डोलत नाही. ओढा ओलांडताना एवढं पुरेसं आहे. अठराला तोही नव्हता. आणि बाजूच्या आवळायच्या पट्ट्या ओढून घ्या. अर्धी रिकामी २८ मोकळी सोडली तर दगडावरून दगडावर पाय टाकताना अर्ध्या सेकंदानं मागाहून येते, आणि तेवढ्यात तुमचा तोल गेलेला असतो. दुकानदाराचं "मोठी भरत बसाल" हे म्हणणं खोटं. मोठी आवळता येते. लहान फुगवता येत नाही.

या दगडांनी उशीर झाला आणि सांग्याची बस गेली. उभे राहिलो. एक गाडीवाला आला, सांग्यापर्यंत १२०० म्हणाला. घासाघीस करून हजारावर आणला. बसायच्या वेळी माझ्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणाला, "ती डिकींत घालची पडटली. शंभर वेगळे." भाच्याची बॅग मांडीवर, म्हणून फुकट. म्हणजे २८ लिटरमागे शंभर रुपये. दहा लिटरच्या फरकाचे शंभर, लिटरला दहा रुपये पडले. दिले. अंधार, जंगल, कोपर ठणकत होतं, पोटात काही नव्हतं. नेत्रावळीला जाणाऱ्यांनी परतीच्या बसची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारावी आणि तिच्या तासभर आधी जंगलातून बाहेर यावं, एवढंच सांगतो. त्या शंभर रुपयांबद्दल मी अजून बोलतो असं आत्या म्हणते.

संध्याकाळी जी पावसाची सर आली तिनं आणखी एक भ्रम उतरवला. बॅगेवर घालायचं पावसाळी आवरण निरुपयोगी आहे. पाणी तुमच्या पाठीवरून ओघळतं, बॅग आणि पाठ यांच्या मधून आत जातं आणि आवरणाच्या तळाशी साचतं. उतरून बघितलं तर तिथे पेलाभर पाणी होतं. अंगावरचा शर्ट आणि बॅगेतला सुका शर्ट सारखेच ओले. आत्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, खताच्या गोणीतली आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, ती धुऊन बॅगेत घातली, तोंड पिळून दुमडलं. पुढचे दोन दिवस सगळं कोरडं. फुकट. मात्र ही पिशवी घालायची तर पोटात जागा हवी. अठरात ती घातली की उरतात चौदा.

तिसरा दिवस काणकोण. आगोंद, मग खोलगड. समुद्र, वारा, शहाळं, सोलकढी. अठरा घेऊन मी गेलो आणि काही कमी पडलं नाही. किनाऱ्याला १८ घ्या. वाळू चेनमध्ये जाते, घरी येऊन गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर मिठानं चेन धरते. बस.

चौथ्या दिवशी दूधसागर. कुळ्याहून जीप, एका जीपमध्ये सात जण, लाइफ जॅकेट सक्तीचं. रेल्वेच्या रुळांवरून चालत जायचा विचार सोडा. बंदी आहे, आणि २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी तशा लोकांना उठाबशा काढायला लावल्या होत्या. जीपमध्ये बॅग मांडीवर घ्यावी लागते. तिथे २८ गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत येते आणि प्रत्येक खड्ड्यात हनुवटीला लागते. इथे अठराला पूर्ण गुण. ३१० मीटरचा धबधबा समोर आला तेव्हा मात्र मी बॅगा विसरलो. त्या पाण्याचा आवाज पोटात येतो. तिथे जे काही लिहावंसं वाटलं ते सगळं आनंदाच्या भरातलं होतं, म्हणून लिहीत नाही.

आणि कॅरीबॅग. भाच्यानं त्या दिवशीही अठराच्या पट्ट्याला केळी आणि बिस्किटं लटकावली होती. माकड आलं, मागून. कॅरीबॅग ओढली, गाठ घट्ट होती, म्हणून पट्टाच ओढला. पोरगं आडवं झालं. पट्टा शिवणीतून दोन बोटं उसवला. दूधसागरची माकडं बॅग उघडत नाहीत, त्यांना ते शिकायची गरजच नाही. लोक बाहेर लटकावून आणतात.

घरी आल्यावर मला राहवेना. चुरमुऱ्यांचं पोतं काढलं, आत्याचं लिटरचं तेलाचं माप घेतलं आणि दोन्ही बॅगा मोजल्या. अठराच्या पोटात साडेपंधरा बसले, अठ्ठावीसच्या पोटात सव्वीस. बाकीचे लिटर बाहेरच्या जाळीत. जाळीत पाणी सोडून काही ठेवायचं नाही हे शिकल्यावर १८ ही साडेपंधराचीच. लेबलावरच्या आकड्यात बाहेरचे उघडे कप्पे धरले आहेत का, हे विकत घेताना विचारा. उत्तर आलं नाही तर धरलेत असं समजा. कापडाचंही विचारा. डेनियर म्हणजे त्या धाग्याच्या ९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन. घडी करून मुठीत मावणाऱ्या अगदी हलक्या बॅगा ३० डेनियरच्या आसपास असतात, त्या वेताच्या काट्याला टिकत नाहीत. आमच्या शंभरच्या होत्या, ओरखडे आले, फाटल्या नाहीत.

एकच घ्यायची तर २८, आखूड पाठीची, आवळायच्या पट्ट्या असलेली. पाच फूट सहा इंचांच्या आत असाल तर बसून बघितल्याशिवाय घेऊच नका. १८ फक्त समुद्र, पणजी, फेरीबोट आणि जीप यांच्यासाठी. पायलटच्या मागे बसायचं असेल तर तिथेही १८, कारण २८ चढावर माणसाला मागे ओढते. जंगलात १८ नेऊन "मी हलका फिरतो" म्हणणारा माणूस भेटला तर त्याचा डबा कोण वाहतोय ते बघा.

कोल्हापूरला जाताना भाचा २८ घेऊन गेला. म्हणाला, "मामा, तुमची उंची बघता तुम्हाला हीच बरी," आणि उसवलेल्या पट्ट्याची अठरा माझ्याकडे ठेवली. साखळी बाजारातल्या चांभाराकडे दिली, चाळीस रुपयांत दुहेरी शिवण मारून दिली त्यानं. आधीपेक्षा पक्की झालीय.